चार सिमकार्डं, एकशे दहा डबे : माझ्या धंद्याला कुठला रिचार्ज परवडला

मिरजेत मी डबे देते. बारा वर्षं झाली. दुपारी साठच्या आसपास, रात्री पन्नास. यातले निम्म्याहून जास्त डबे हॉस्पिटलांत जातात, पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकांना. मिरज हे डॉक्टरांचं गाव. मिशन हॉस्पिटल, सिव्हिल आणि त्यांच्या आजूबाजूला गल्लोगल्ली उभी राहिलेली खासगी हॉस्पिटलं. अथणी, रायबाग, चिकोडी, जमखंडी, कुठून कुठून माणसं येतात. त्यातल्या बऱ्याच जणांना ॲपवरून जेवण मागवायची सवय नसते. डब्यावर चिकटवलेला किंवा वॉर्डाबाहेर कुणी सांगितलेला नंबर घेतात आणि फोन लावतात, "अक्का, ऊटा ऐतेन री?" (कानडीत, ताई, जेवण आहे का?) एवढंच. त्या एका फोनवर माझं घर चालतं.

म्हणून मोबाइलच्या प्लॅनबद्दल मनापासून लिहायचं ठरवलं. याविषयी जे काही वाचायला मिळतं ते सगळं "रोज किती जीबी" याच हिशेबाने लिहिलेलं असतं. सिनेमे बघणाऱ्याला ते ठीक आहे. माझ्यासारखीला जीबी नंतर, आधी फोन वाजला पाहिजे.

माझ्याकडे चार सिमकार्डं आहेत. एक धंद्याचा नंबर, जो पाटीवर, डब्यावर आणि बिलबुकावर छापलाय. एक माझा स्वतःचा. दोन डबे पोहोचवणाऱ्या पोरांकडे. कित्येक दिवस मी चारही नंबरांना एकच रिचार्ज मारत होते, 299 चा, 28 दिवस, रोज दीड जीबी. कोपऱ्यावरचा दुकानदार "वहिनी, नेहमीचाच ना?" म्हणायचा, मी मान हलवायची. वर्षाचा हिशेब कधी घातलाच नव्हता. 28 दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा होतात. 299 गुणिले 13 गुणिले 4, झाले 15,548 रुपये. गहू आणि तेलाचा भाव मी रुपया-दोन रुपयांवर घासाघीस करून ठरवते, आणि इथे साडेपंधरा हजार कुठे गेले ते मला माहीत नव्हतं.

जाग आली ती एका फटक्याने. धंद्याच्या नंबरचा रिचार्ज संपला आणि मला कळलंच नाही. संपत आल्याचे मेसेज आले असणार, पण त्याच कंपनीचे जाहिरातीचे इतके मेसेज रोज यायचे की मी ते उघडणंच सोडून दिलं होतं. आधी आउटगोइंग गेलं. मी त्या फोनवरून फारशी बाहेर फोन करतच नाही, तो येणाऱ्या फोनसाठी आहे. व्हॉट्सॲप घरच्या वायफायवर सुरूच होतं, त्यामुळे सगळं नीट चाललंय असं वाटलं. मग इनकमिंगही बंद झालं. पहिल्या दिवशी नवीन डबा एकही नाही. म्हटलं, सणाचे दिवस आहेत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जमखंडीकडचे एक आजोबा हातात डब्याचं स्टिकर घेऊन पत्ता विचारत दारात आले. नातवाला ॲडमिट केलेलं, कालपासून फोन लावतोय, लागत नाही म्हणाले. दोन दिवस वडापाववर काढलेला माणूस. त्यांना बसवून गरम भाकरी आणि आमटी वाढली आणि त्याच दुपारी वही घेऊन बसले.

आधी नंबर कुणाच्या नावावर आहेत ते बघितलं. हे काम प्लॅन निवडण्याच्याही आधीचं, आणि बहुतेक छोट्या धंदेवाल्यांचा घोळ इथेच असतो. संचार साथी या सरकारी पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत चालतात. माझ्या नावावर चार निघाले. त्यातला एक माझ्या ओळखीचाच नव्हता, तो "माझा नाही" म्हणून तिथेच कळवला. आणि ज्या नंबरवर धंदा चालतो तो माझ्या नावावर नव्हताच. सुरुवातीला दिरांनी सिम घेऊन दिलेलं, ते त्यांच्याच नावावर राहिलं. दीर चांगले आहेत, प्रश्न त्यांचा नाही. पण उद्या सिम हरवलं तर दुसरं घ्यायला पुण्याहून त्यांना बोलवावं लागणार.

दुसरा धडा त्याच्या वर्षभर आधीचा. एक पोरगा माझ्याकडे दोन वर्षं होता. त्याच्या स्वतःच्या सिमचा रिचार्ज मी भरायचे, दोघांनाही सोयीचं वाटत होतं. तो दुसऱ्या कामाला गेला आणि त्याच्याबरोबर नंबरही गेला. दोन हॉस्पिटलांच्या वॉर्डांतल्या मावशा, सिक्युरिटीवाले, मेडिकलवाले, सगळ्यांकडे डब्याचा नंबर म्हणून त्याचाच होता. त्याचं काही चुकलं नाही, नंबर त्याचा होता. पण त्या मार्गावरचे सोळा-सतरा डबे मला पुन्हा शून्यातून उभे करावे लागले. तेव्हापासून डब्याच्या कामाचं सिम माझ्या नावावरचं आणि पोराच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत. काम सोडताना सिम काढून ठेवायचं. नवीन पोरगा आला की त्याच्या फोनमध्ये घालायचं. गिऱ्हाइकाला फरक कळतसुद्धा नाही.

दिरांच्या नावावरचा नंबर माझ्या नावावर करायला कंपनीच्या दुकानात दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला "दोघांनी यायला पाहिजे" हे आम्ही रांगेत पाऊण तास उभं राहिल्यावर सांगितलं. आधी फोनवर विचारलं होतं तेव्हा कुणी बोललं नव्हतं. तुम्हाला हे करायचं असेल तर दोघंही आधार कार्ड घेऊन एकदमच जा. आणि हे काम पूर्ण होईपर्यंत कंपनी बदलायचा विचारही करू नका, नाव बदलाचा अर्ज अडकलेला असेल तर पोर्टिंग नाकारतात.

मग रेंज. यात मी कुणाचंच ऐकलं नाही, ना दुकानदाराचं ना भाच्याचं. आमचं स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला, वर स्लॅब, तीन बाजूंनी भिंती. दुपारी साडेअकराला दोन्ही शेगड्या पेटलेल्या असतात, एकीकडे चपात्या, दुसरीकडे भात, आणि फोन सगळ्यात जास्त त्याच वेळी येतात. तेव्हा ओट्यापासून उठून अंगणात जाऊन "हॅलो, हॅलो" करायला कुणाला सवड आहे? म्हणून मी चार कंपन्यांची सिमं असलेले चार फोन गोळा केले. माझा, मुलीचा, चपात्या लाटणाऱ्या मावशींचा आणि शेजारच्या शिंप्याचा. चारही ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी ठेवले आणि मुलीला बाहेरून एकेकाला फोन लावायला सांगितलं. तीन दिवस, साडेअकरा ते बारा. दोन फोन प्रत्येक वेळी वाजले. एक दहात सहा-सात वेळा वाजला. एक तर पडद्यावर रेंज दाखवायचा, वाजायचा मात्र नाही, आणि नंतर मिस्ड कॉलचा मेसेज यायचा. हा चौथा प्रकार सर्वांत वाईट, कारण समोरच्याला वाटतं काकू फोन उचलत नाहीत.

पोरांनाही हेच करायला लावलं. आमचे दहा-बारा डबे एका हॉस्पिटलच्या तळमजल्याखालच्या पार्किंगमधून, मागच्या जिन्याने वर जातात. पोरगा जिन्याखाली उभा राहून खोली नंबर विचारायला फोन करतो. तिथे ओट्यावर उत्तम चाललेली एक कंपनी पार मुकी झाली. म्हणजे घरात चांगली ती मार्गावर चांगली असेलच असं नाही. कंपन्यांच्या वेबसाइटवर रेंजचे नकाशे असतात आणि ते बघावेतही, पण नकाशात पार्किंगचा जिना नसतो.

पैशाच्या बाबतीत मला वाट सापडली ती एका नियमामुळे. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की ज्यांना फक्त बोलायचं आहे त्यांच्यासाठी बिगर-डेटाचे, नुसते कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज ठेवा. त्याआधी जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी भाव वाढवले होते. जिओचा 84 दिवसांचा दीड जीबीवाला 666 चा 799 झाला, एअरटेलचा तसाच 719 चा 859 झाला. आमच्यासारख्यांच्या डोक्यावर नको असलेल्या जीबीचं ओझं बसलं होतं. जानेवारी 2025 मध्ये बिगर-डेटाचे रिचार्ज आले आणि फेब्रुवारीत मी घेतले. तेव्हाचे भाव सांगते. एअरटेल 84 दिवसांना 469, पूर्ण 365 दिवसांना 1,849. जिओ 84 दिवसांना 448, 336 दिवसांना 1,748. कॉल अमर्याद, एसएमएस मोजके, इंटरनेट नाही.

दुकानदार हे स्वतःहून सांगत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "वहिनी, त्यात नेट नाही येत, कशाला घेताय?" नेट कुठे लागतं आणि कुठे नाही, तेच तर बघायचं होतं.

धंद्याचा फोन स्वयंपाकघराबाहेर जातच नाही. घरात मुलांच्या अभ्यासासाठी वायफाय आहेच, महिन्याला 399 अधिक जीएसटी, म्हणजे 471 रुपये. व्हॉट्सॲप बिझनेस त्यावर चालतं. रोजचा मेनू, फुल डबा, हाफ डबा, पथ्याचा डबा, सगळं कॅटलॉगमध्ये घातलंय. मग त्या सिमला डेटा कशाला? त्याला एअरटेलचा 1,849 चा वर्षाचा रिचार्ज मारला. वर्षभर संपण्याची भीती नाही, आणि त्या तीन दिवसांनंतर मला ही निर्धास्ती पैशापेक्षाही मोठी वाटते. वर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं. ही सोय फुकट आहे, पण माझ्या ओळखीत दहातल्या आठ जणांनी ती कधी लावलेली नसते. टॉवरची रेंज कमी असली तरी घरच्या वायफायवरून साधा कॉल येतो, गिऱ्हाइकाला वेगळं काही करावं लागत नाही. लावल्यापासून ओट्यावर फोन एकदाही मुका राहिला नाही. लाईट गेली की वायफाय जातं, तेव्हा माझ्या स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट देते.

त्यासाठीच माझा नंबर मुद्दाम दुसऱ्या कंपनीचा ठेवला. हा धडा ऑगस्ट 2019 च्या महापुराचा. सांगलीत पाणी शिरलं तेव्हा मिरजेत माणसं राहायला आली, आम्ही बायका मिळून रोज चपात्या लाटत होतो. लाईट नव्हती, आणि आमच्या भागात एका कंपनीचा टॉवर दोन दिवस बंद पडला. घरातली सगळी सिमं त्याच कंपनीची. किती माणसांचं जेवण करायचं ते विचारायला भाचा सायकलवरून फेऱ्या मारत होता. म्हणून आता घरात एकाच कंपनीची दोन महत्त्वाची सिमं ठेवत नाही. माझा आता जिओचा 799, 84 दिवस, रोज दीड जीबी. पैसे घेणं, बँक, भाज्यांचे फोटो, घरचं बोलणं, सगळं यावर.

पोरांच्या दोन सिमांना जिओचा 448. त्यांच्या फोनमध्ये स्वतःच्या सिमचा डेटा असतोच, माझ्या सिमने फक्त फोन घ्यायचे आणि करायचे. 336 दिवसांचा 1,748 चा घेतला असता तर सिममागे वर्षाकाठी चाळीसेक रुपये वाचले असते. पण मे महिन्यात कॉलेजच्या पोरांचे डबे बंद होतात, एखादा मार्गच बंद पडतो, म्हणून मोठी रक्कम अडकवली नाही. ते माझं मत, तुमचं काम बारमाही असेल तर मोठाच घ्या.

सगळं मिळून वर्षाला सव्वानऊ हजारांच्या आसपास बसतं. आधी साडेपंधरा होते. वाचलेले सव्वासहा हजार म्हणजे माझ्याकडे दोन मोठे कुकर आणि वर थोडी चिल्लर.

मधल्या काळात पोस्टपेडवाला एक एजंट घरी आला होता. चांगला मुलगा, नीट बोलला. "मॅडम, बिझनेससाठी पोस्टपेडच घ्या, रिचार्जची कटकटच नाही." 449 चा प्लॅन, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 530. चार नंबरांचे महिन्याला 2,120, वर्षाला पंचवीस हजारांच्या वर. जीएसटीचे पैसे परत मिळतात म्हणाला. ते खरं आहे, पण ज्याची जीएसटी नोंदणी आहे आणि बिलावर त्याचा नंबर आहे त्यालाच. माझी उलाढाल वीस लाखांच्या आत, नोंदणी नाही, मला एक पैसाही परत मिळणार नाही. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असलेल्या दुकानदारालाही ती वजावट मिळत नाही. आमच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्यांची नियमित नोंदणी आहे, सहा माणसं दिवसभर फिरतीवर असतात, त्यांना पोस्टपेड शोभतं आणि त्यांनी घेतलंयही. पोस्टपेड सोडायचं असेल तर बिल चुकतं केल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

कंपनी बदलणं सोपं आहे, फक्त वार बघून करा. मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि 1900 वर पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात आधारसह जायचं. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असले पाहिजेत. आणि जुलै 2024 पासून, हरवलेलं किंवा खराब झालेलं सिम बदलून घेतलं असेल तर पुढचे सात दिवस पोर्ट होत नाही. फसवणूक थांबावी म्हणून ही अट आहे, मला ती पटते. बदल होतो त्या रात्री थोडा वेळ फोन बंद असतो. रविवारी रात्री आमचा स्वयंपाक बंद असतो, म्हणून मी गुरुवारी कोड घेतला आणि रविवार-सोमवारच्या मध्ये बदल होईल असं जमवलं. सोमवारी सकाळी जुनं सिम काढलं, नवीन घातलं, पहिला फोन सव्वानऊला आला.

आणखी एक. अमर्याद कॉल आहेत म्हणून त्याच नंबरवरून अनोळखी लोकांना जाहिरातीचे फोन आणि ढिगाने एसएमएस करू नका. तक्रारी झाल्या तर नंबर बंद होऊ शकतो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरते मी, तीही ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचते.

हे लिहिताना 2025 ची दिवाळी झालीय, नऊ महिने हे असं चाललंय. एक उणीव आहे. बिगर-डेटाचं सिम घेऊन मी एकदा गावी लग्नाला गेले, तिथे वायफाय नाही, धंद्याचं व्हॉट्सॲप दिवसभर बंद. पुतण्याचा हॉटस्पॉट मागून घ्यावा लागला. ज्यांचा धंद्याचा फोन खिशात घेऊन फिरायचा असतो, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रिक्षावाले, त्यांना हा रिचार्ज चालणार नाही, त्यांनी डेटावालाच घ्यावा. महिन्याच्या पगाराशी रिचार्ज जुळवायचा असेल तर 28 दिवसांऐवजी 30 दिवसांचा किंवा दर महिन्याच्या त्याच तारखेचा मागा. 2022 पासून असा निदान एकेक प्लॅन ठेवणं प्रत्येक कंपनीला बंधनकारक आहे.

चौथ्या कंपनीचंही बघणार आहे. बीएसएनएलने जुलै 2024 मध्ये भाव वाढवले नव्हते आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्यांचं स्वदेशी 4 जी सुरू झालं. म्हैसाळ रस्त्याला एका वसतिगृहाचे बारा डबे मिळायची बोलणी चालू आहेत, त्या मार्गाला तिसरं सिम लागेल. पोराला सांगून ठेवलंय, डबे सुरू व्हायच्या आधी दोन दिवस तिथल्या जिन्यात, गेटवर आणि जेवणघराच्या आत उभं राहून प्रत्येक कंपनीच्या फोनवरून मला फोन लाव. दुपारी साडेअकराला.